मे, उदक आणि चंपासकची पहाट

पहाटे साडेपाचला शेजारच्या चुलीचा धूर आणि वाफेवरच्या भाताचा वास एकदमच खिडकीतून आत येतो. लाओसच्या दक्षिणेला, मेकाँगच्या काठावर चंपासक नावाचं हे छोटं गाव. नदीच्या कडेनं गेलेला एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि मागे भातशेती.

इथला भात चिकट. रात्रभर भिजवलेले तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. आपण मोदक वाफवतो ना, तसेच. शेजारच्या आजींना मी 'मे' म्हणते, म्हणजे आई. पहिला भात मे घरात कुणालाच वाढत नाही. तो भिक्खूंचा. ते अनवाणी, रांगेनं येतात. मे गुडघे टेकून बसते आणि प्रत्येकाच्या पात्रात भाताचा लहानसा गोळा ठेवते. मग ते पालीतून आशीर्वाद म्हणू लागतात, आणि मे एका छोट्या बाटलीतून पाण्याची बारीक धार सोडत राहते. केलेलं पुण्य गेलेल्या माणसांना पोचावं म्हणून. पहिल्या दिवशी ती धार पाहिली आणि पळीनं ताम्हनात उदक सोडणारी माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. मला तिथे उभं राहवेना.

गावापासून सायकलच्या टप्प्यात वाट फू आहे. 'वाट' म्हणजे मंदिर, 'फू' म्हणजे डोंगर. २००१ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. मागच्या डोंगराच्या माथ्यावर एक नैसर्गिक सुळका आहे. जुन्या लोकांना तो स्वयंभू लिंग वाटला आणि डोंगराचं नाव लिंगपर्वत झालं. याच परिसरात पाचव्या शतकातला देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख सापडला. त्यानं इथे तीर्थ स्थापून त्याला नाव दिलं कुरुक्षेत्र! हे कळलं त्या रात्री मी आईला फोन करून अर्धा तास तेवढंच सांगत होते.

आजचं दगडी मंदिर बरंच नंतरचं, कंबोडियातल्या ख्मेर राजांच्या काळातलं. झिजलेल्या, उभ्या चढाच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना आपला देवचाफा. चाफा हे लाओसचं राष्ट्रीय फूल. वर कड्याखाली झरा आहे. पूर्वी त्याचं पाणी दगडी पन्हळीतून थेट गाभाऱ्यातल्या शिवलिंगावर पडायचं, म्हणजे अखंड अभिषेकच. आता गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत, तरी झऱ्याचं पाणी तेवढंच पवित्र. माघी पौर्णिमेच्या जत्रेला लोक लांबलांबून येतात. एरवी आलेले पाहुणे मात्र दुपारच्या उन्हात फोटो काढून जवळच्या पाक्से शहरात परततात. त्यांनी एक रात्र गावात राहावं असं मला फार वाटतं.

मेचे गुडघे आता त्या पायऱ्या चढू देत नाहीत. गेल्या रविवारी मी झऱ्याचं पाणी बाटलीत भरून तिला आणून दिलं. तिनं ती बाटली दोन्ही हातांनी कपाळाला लावली. सोमवारी पहाटे तिनं त्यातलंच पाणी सोडलं आणि धार संपायच्या आत मला हाक मारून बाटली माझ्या हातात दिली.