फॉरमॅट मारू का?

‘मॅडम, घरचा कॉम्प्युटर फार स्लो झालाय. फॉरमॅट मारू का?’

साताऱ्यातल्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब मी गेली अठरा वर्षं सांभाळते. हा प्रश्न मला पालक विचारतात, शेजारी विचारतात, लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेले लोक विचारतात. फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्कवरचं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. मी ‘थांबा, लगेच मारू नका’ म्हणते, पण का ते दोन मिनिटांत सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहिते.

मी उलट एकच गोष्ट विचारते: तो स्लो कधी होतो? बहुतेकांना याचं उत्तर पटकन देता येत नाही, कारण त्यांच्या लेखी तो ‘सारखाच स्लो’ असतो. पण जरा लक्ष ठेवलं की फरक दिसतो. चालू करताना दहा मिनिटं छळतो आणि नंतर बरा चालतो, तर सुरुवातीलाच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी किंवा हार्ड डिस्क (जिच्यावर सगळ्या फाइली साठतात ती), या दोघांवर संशय घ्यायचा. ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडेपर्यंत ठीक आणि पाचव्या टॅबला गुदमरतो, तर रॅम, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, कमी पडते. सुरुवातीची पंधरा मिनिटं छान आणि मग हळूहळू मंदावत जातो, पंख्याचा आवाजही वाढतो, तर तो तापतोय. आणि मधेच पूर्ण गोठतो, आतून टिक टिक ऐकू येते, मग पुन्हा चालू लागतो, तर डिस्क खराब होतेय, हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी फाइली दुसरीकडं उतरवून घ्या. या चार तक्रारींची चार वेगळी कारणं आहेत, आणि फॉरमॅटनं त्यांतलं फार तर पहिल्याचं अर्धं, म्हणजे प्रोग्रॅमांची गर्दी, तेवढं जातं.

कराडच्या माझ्या मामांचं उदाहरण सांगते. मामा मराठीचे निवृत्त शिक्षक. मशीन २०१३ साली मामेभावाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेलं: तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर (हिशेब करणारी मुख्य चिप), दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. मुळात विंडोज सेव्हन होतं. २०१६ साली मोफत मिळत होतं म्हणून मामेभावानं विंडोज टेन चढवलं आणि तो नोकरीला पुण्याला गेला. मामा मात्र रोज सकाळी त्यावर बसत. आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत ते नऊ वर्षं लिहीत होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांचा फोन आला. ‘अगं, बटण दाबून मी पूजा उरकून येतो, तरी हा उघडलेला नसतो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, उद्या आणून द्या, फॉरमॅट मारून संध्याकाळी देतो. देऊ का?’

‘मामा, रविवारपर्यंत थांबा. मी येते. आणि तोवर तो चालू करू नका.’

रविवारी मी घड्याळ लावून बसले. बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडून तीत एक अक्षर टाइप करता येईपर्यंत अकरा मिनिटं लागली. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. कॉम्प्युटर स्लो झाला की तुम्हीही आधी हेच करा. हा आकड्यांचा तक्ता फुकट आहे, घरात आहे, आणि तो उघडून पाहण्याआधीच लोक दुकान गाठतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मामांच्या मशीनवर प्रोसेसर १२ टक्के, मेमरी (म्हणजे रॅम) ९४ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता, वाट पाहत. कोणाची? डिस्कची.

गंमत पाहा, डिस्क शंभर टक्के व्यग्र होती, पण वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी. याचं कारण डिस्कच्या घडणीत आहे. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० वेळा, आणि तिच्यावर एक दांडी पुढंमागं सरकते. हवा असलेला तुकडा दांडीखाली यायला सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद लागतात. आपल्याला हे काहीच वाटत नाही, पण याचा अर्थ असा की इकडचे तिकडचे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला सत्तर-ऐंशीच आणू शकते. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क शंभर एमबीचा वेग सहज देते. विंडोज चालू होताना मात्र हजारो बारीक फाइली लागतात, आणि त्या सगळीकडं पसरलेल्या असतात. त्यात रॅम दोनच जीबी. ती भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. आधीच दमलेल्या डिस्कवर हे दुसरं ओझं. मामांना दिसत होता तो स्लोपणा असा दोघांनी मिळून घडवलेला होता.

मी तिथंच थांबले नाही, आणि थांबले नाही हे बरं झालं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. तो उघडला तर निळ्याऐवजी पिवळा रंग आणि ‘कॉशन’. खाली दोन ओळी पाहायच्या असतात: बदललेले सेक्टर (तबकडीवरचे बारीक कप्पे) किती आणि वाचता न आल्यामुळं ताटकळलेले सेक्टर किती. दोन्हींत शून्य असायला हवं, तिथं आकडे होते. म्हणजे तबकडीवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या आणि डिस्क त्या पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. कराडात मधूनमधून वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली होती. चालू डिस्कची वीज अशी वारंवार जाणं तिच्या तब्येतीला चांगलं नसतं.

अशा डिस्कवर फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं? संध्याकाळी मशीन परत आलं असतं, आठवडाभर थोडं बरं चाललं असतं, आणि मग ती डिस्क केव्हातरी पूर्ण गेली असती. आणि नऊ वर्षांचा कुळवृत्तांत त्या आधीच पुसला गेला असता. ‘माझं सगळं डी ड्राइव्हला आहे’ असं मामा म्हणत होते. मी फाइल कुठं आहे ते दाखवा म्हटलं, तर ती डेस्कटॉपवर. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्ये असतात, आणि फॉरमॅट सी ड्राइव्हचाच होतो. मी पाहिलेल्या घरांतून सर्वाधिक फाइली याच एका गैरसमजापायी गेल्या आहेत.

डिस्क खराब होत असेल तेव्हा तिच्यावर डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे सलग लावणं) करायचं नाही, चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणं) लावायचं नाही, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनही नको. तिचं आयुष्य मोजकं उरलेलं असतं, ते फाइली उतरवण्यातच खर्च व्हावं. क्रमही महत्त्वाचा. आधी कुळवृत्तांत, मग फोटो, मग बाकीचं. एका लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरपाशी कॉपी अडकली. तिथं हट्ट न करता ते फोल्डर सोडून मी पुढं गेले आणि सगळं संपल्यावर परत त्याकडं आले. अठ्ठावीस फोटो मिळाले नाहीत. रात्री नऊला सुरू केलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं.

आता फॉन्टचं. इंग्रजीतली माहिती वाचून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे सुचत नाही, पण मराठी घरात ते विसरून चालत नाही. मामा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसावी अशी आजची पद्धत) घरोघरी रुळण्याआधी आपण सगळेच श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या योगेश-सुरेखमध्ये लिहीत होतो. या फाइलींच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की उरते ती अगम्य चिन्हांची रांग. २०११ साली मी एका शेजारच्या काकूंचं मशीन फॉरमॅट केलं होतं. त्यांची कीर्तनाची टिपणं मी सगळी पेन ड्राइव्हवर घेतली होती, एकही फाइल सोडली नव्हती. परत टाकून उघडली, तर एक शब्द वाचता येईना. सॉफ्टवेअरची सीडी सापडेना. तीन आठवड्यांनी एका छापखान्यात तोच फॉन्ट निघाला, तिथं बसून फाइली उघडल्या आणि छापून घेतल्या. ते तीन आठवडे काकू मला काही बोलल्या नाहीत, पण दारातून जाताना माझी मान वर होत नसे. तेव्हापासून कुठलंही मशीन उघडलं की मी पहिल्यांदा विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर कॉपी करते. वाचण्यापुरतं तेवढं पुरतं. टाइप करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअर, त्याचा किल्ली-क्रमांक किंवा डाँगल (ते चालायला मशीनला लावावा लागणारा छोटा खटका) घरात आहे ना, हे मशीनला हात लावण्याआधी विचारते.

दुरुस्ती त्या मानानं सोपी होती. जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर फाइली साठवणारी डिस्क, लावली. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळं विखुरलेले तुकडे गोळा करायला तिला दांडीची वाट पाहावी लागत नाही. रॅमच्या रिकाम्या खाचेत चार जीबीची डीडीआर-थ्री पट्टी घातली. इथं एक सावधगिरी: डीडीआर-टू, थ्री आणि फोर या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, त्यांच्या खाचा वेगळ्या असतात. जोर लावू नका. दुकानात जाताना जुनी पट्टीच सोबत न्या.

अजून एक अडचण होती. मामेभावानं चढवलेलं विंडोज ३२ बिटचं होतं. ते चार जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीनच हाती लागते. रॅम वाढवूनही फरक पडला नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात, तिचं कारण बऱ्याचदा हे असतं. म्हणून नव्या एसएसडीवर ६४ बिटचं विंडोज टाकलं. जुनं लायसन तेच चाललं. सगळा खर्च तीन हजारांच्या आत झाला. बटण दाबल्यापासून टाइप करेपर्यंत आता चाळीस सेकंद लागतात. मामांनी ते तीनदा बंद-चालू करून पाहिलं.

एसएसडीबद्दल मी एवढं बोलते म्हणून प्रत्येक वेळी तीच लावायची असं नाही. इचलकरंजीच्या एका घरात मागच्या खोलीत यंत्रमाग आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. दहा मिनिटांनी तो रांगायला लागे. झाकण काढलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता, वारा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तो स्लोपणा म्हणजे त्याचा बचाव होता. ब्लोअरनं साफ केलं (पंख्याची पाती बोटानं धरून, नाहीतर ती गरागरा फिरून खराब होतात), वाळून खडा झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसून नवी लावली. खर्च काहीच नाही म्हणावा असा.

आणि काही सवयी सोडा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश केल्यानं वेग वाढत नाही, फक्त चित्रं पुन्हा काढली जातात. प्रीफेच (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज नोंदी ठेवतं ते) फोल्डर रिकामं केलं तर पुढच्या वेळी मशीन उलट जास्त वेळ घेतं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते प्रत्येक फाइल दोनदा तपासतात. ‘पीसी फास्ट करा’ म्हणणारे प्रोग्रॅम तर मी सर्वांत आधी काढून टाकते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन नको ते प्रोग्रॅम बंद करणं आणि सी ड्राइव्हमध्ये निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवणं, यानं मात्र खरा उपयोग होतो. यूट्यूब अडखळत असेल तर व्हिडिओचा दर्जा ४८० वर आणून पाहा. चित्र दाखवणाऱ्या जुन्या चिपला आजकालच्या व्हिडिओची पद्धत उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

विंडोज टेनची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज इलेव्हन अधिकृतपणे बसत नाही. मामांना मी सांगितलं, बँकेचं काम या मशीनवर करायचं नाही, लिखाण खुशाल करा. शाळेच्या लॅबमध्ये मी जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली आहे, मुलं दोन दिवसांत रुळली. पण श्रीलिपीवर हात बसलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी ते सुचवणार नाही.

काही मशीन मात्र सोडून द्यावीत असंही मी सांगते. डीडीआर-टू रॅमचं, मामांच्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातलं मशीन असेल आणि रोज इंटरनेट वापरायचं असेल, तर त्यावर तीन हजार घालू नका. ते ई-कचऱ्यात देण्याआधी झाकण उघडा आणि हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. तिच्यात काय आहे ते तुम्हाला आज आठवत नसेल. तिला चार स्क्रू असतात, दोन्ही बाजूंना दोन दोन.