थिएटरमधल्या सगळ्यांनी एकत्र घेतलेले प्रशिक्षण: माझा अनुभव

मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. संघकार्याचे प्रशिक्षण सर्वांना सक्तीचे होणार असे कळले तेव्हा बहुतेकांना ते अनावश्यक वाटले, कारण सर्जन, भूलतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि परिचारिका असे आम्ही सगळेच आपापल्या कामात मुरलेले होतो. अनुभवी माणसे एकत्र आली की त्यांचा चांगला संघ आपोआप तयार होतो, हा समज पक्का होता.

पहिल्या सत्रात प्रशिक्षकांनी विमानांची गोष्ट काढली. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट विमाने धडकून ५८३ माणसे दगावली. उड्डाणाला निघालेल्या विमानातील फ्लाइट इंजिनीअरने समोरचे विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, अशी शंका विचारली होती. अत्यंत अनुभवी कॅप्टनने ती झटकली आणि विमान पुढे धावतच राहिले. अशा अपघातांनंतर, १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेपासून वैमानिकांना एकत्रित कामाचे प्रशिक्षण देण्याची कल्पना आकाराला आली. ज्याला धोका दिसला त्याने शंका विचारली, पण ती ठामपणे लावून धरली नाही, ही गोष्ट ऐकताना मला आमचे टेबल डोळ्यांसमोर दिसत होते.

त्यानंतर रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावर सराव सुरू झाला. अचानक रक्तस्राव झाल्याच्या प्रसंगात ‘रक्त मागवा’ असा आदेश निघाला, पण तो कोणा एकाला उद्देशून नसल्यामुळे प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने फोन केला असेल. सरावाची चित्रफीत पाहताना हे सर्वांच्या लक्षात आले आणि तिथूनच आम्ही नियम शिकलो: आदेश नाव घेऊन द्यायचा, ऐकणाऱ्याने तो परत उच्चारायचा आणि काम झाले की तसे कळवायचे. शंका व्यक्त करण्याच्याही पायऱ्या होत्या. आधी काळजी वाटते असे सांगायचे, उत्तर आले नाही तर तीच गोष्ट अधिक ठामपणे मांडायची आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, थांबा, असे स्पष्ट म्हणायचे.

हे वाक्य वरिष्ठ सर्जनसमोर उच्चारणे किती अवघड असते, ते थिएटरमध्ये उभे राहिलेल्यालाच कळेल. आमच्याकडे खरा बदल झाला तो वरिष्ठ सर सरावात स्वतः सहभागी झाल्यामुळे. त्यानंतर प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये ते स्वतःहून म्हणू लागले, “सिस्टर, काही चुकतंय असं वाटलं तर मला लगेच अडवा.” कनिष्ठांना बोलण्याचे तंत्र शिकवून वरिष्ठांना सत्रातून सूट दिली असती, तर ते तंत्र वापरण्याचे धैर्य कोणाला झाले असते, याची मला शंका आहे.

परिणाम मोजता येतो का, असे सहकारी विचारतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो: प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला, तर प्रशिक्षण न झालेल्या ३४ रुग्णालयांत ७ टक्क्यांनी. म्हणजे घट दोन्हीकडे झाली होती, आणि प्रशिक्षणाचे मोल त्यांतील फरकावरून ठरवायला हवे. आमच्या थिएटरपुरते बोलायचे तर हवे ते साहित्य शस्त्रक्रिया सुरू असताना शोधण्याची धावपळ कमी झाली, कारण काय लागेल ते आधीच बोलले जाऊ लागले.

कोणाबरोबर शिकलो, यालाही महत्त्व असते. रेडिओ जोडण्याच्या एका प्रसिद्ध प्रयोगमालेत एकत्र शिकलेल्या गटांनी कमी चुका केल्या, कारण कोणाला काय चांगले येते हे त्यांना ठाऊक झाले होते. शिकल्यानंतर सदस्यांची अदलाबदल केली तेव्हा हा लाभ उरला नाही. पाळ्या बदलल्या की आमच्याकडेही हेच जाणवे.

म्हणून आता नव्याने आलेल्या व्यक्तीला वेगळ्या वर्गात न बसवता, ज्यांच्याबरोबर ती काम करणार त्यांच्यासोबतच सराव दिला जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटे थांबून काय जमले, कुठे अडले, यावर सगळे बोलतात. पुढचा सराव रात्रपाळीच्या गटाचा आहे. रात्री माणसे कमी असल्यामुळे कोणी कोणते काम उचलायचे, हे तिथे सर्वांत आधी ठरवावे लागणार आहे.