औषध लागू पडल्यावर चढलेला ताप

‘या नव्या गोळ्या सुरू होण्याआधी मी बरी होते,’ असं पेशंट म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यावर उत्तर तयार असतं. या केसमध्ये ते नव्हतं, कारण ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं.

तिशीतली बाई. एचआयव्ही नव्यानेच कळलेला, सीडी4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, अवघ्या 38. महिनाभर ताप, वजन उतरलेलं, मानेत बारीक गाठी. खोकला जवळपास नव्हताच, त्यामुळे थुंकीचा नमुना म्हणून जे आलं ती नुसती लाळ होती. एक्स-रे पाहून कुणीही ‘नॉर्मल’ लिहिलं असतं. बाहेरच्यांना हे पटत नाही, पण टीबीत फुफ्फुसाला पडणारी पोकळी जंतूंपेक्षा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या मारामारीतून जास्त तयार होते. मारामारी करणारं सैन्यच उरलं नसेल तर पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू येत नाहीत, एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि जंतू मात्र रक्तातून अंगभर पसरलेले असतात. एचआयव्हीबरोबर जगणाऱ्यांचा सर्वाधिक बळी टीबीच घेतो, त्याला हे लपणंही कारणीभूत आहे.

तिचं निदान लघवीवर झालं. लॅम नावाची पट्टी असते. तिच्यावर 60 मायक्रोलिटर लघवी टाकायची आणि 25 मिनिटं थांबायचं. टीबीच्या जंतूच्या आवरणातला एक घटक लघवीत उतरला असेल तर रेघ उमटते. ही रेघ इतकी फिकी असू शकते की सोबतच्या कार्डाशी ताडून, नीट उजेडात धरूनच वाचावी लागते. घाईत वाचणारा ती हमखास ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो. ही साधी पट्टी वापरल्याने वॉर्डातले मृत्यू कमी होतात हे आफ्रिकेतल्या चार देशांतल्या अभ्यासाने 2016 मध्ये दाखवलं, तरी ती मागवायची म्हटलं की ‘कशाला, एक्स-रे क्लिअर आहे ना’ हे मला आजही ऐकावं लागतं. तिची रेघ फिकी होती, पण होती. त्याच दिवशी टीबीचं औषध सुरू केलं.

पट्टी एक गोष्ट सांगत नाही. जंतू रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतो की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

टीबीच्या औषधानंतर एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, कधी सुरू करायची यावर आता फारसा वाद नाही. कंबोडियातल्या कॅमेलिया चाचणीत आठव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात सुरू केलेल्यांमध्ये मृत्यू 27 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. 2011 चा हा निकाल मी आजही नव्या रेसिडेंटना फळ्यावर लिहून दाखवते. त्याच चाचणीत लवकर सुरू केलेल्यांना ‘आयरिस’चा, म्हणजे प्रतिकारशक्ती परतताना उसळणाऱ्या सुजेचा, त्रास अडीच पट झाला, हेही त्याच फळ्यावर लिहिते. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र थांबावं लागतं, म्हणून डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची तपासणी हे सगळं पाहून घेतलं आणि दोन आठवड्यांनी एआरटी दिली. तोवर ताप गेला होता, भूक लागत होती, वजन वाढायला लागलं होतं.

एआरटी सुरू होऊन बाराव्या दिवशी ती परत आली ती 103 ताप घेऊन. उजवीकडची गाठ लिंबाएवढी, वरची कातडी ताणलेली, मान वळत नव्हती. सोबत धाकटा भाऊ, त्याच्या मोबाइलमध्ये दर सहा तासांचा ताप लिहिलेला. आदल्या दिवशी ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. ‘औषधं मानवत नाहीत, सगळी बंद करा,’ असा सल्ला मिळाला होता. तिच्याजवळ माझा नंबर होता, पण त्या डॉक्टरांना फोन करावासा वाटला नाही. असे सल्ले एका मिनिटात देता येतात. निस्तरायला महिने जातात.

तिने काही बंद केलं नव्हतं. मी बाटल्या मागवल्या. सकाळची एकत्र गोळी एका बाटलीत, संध्याकाळची जादा डोलुटेग्राव्हिर, म्हणजे एआरटीतलंच एक औषध, दुसऱ्या बाटलीत. रिफॅम्पिसिनमुळे यकृत डोलुटेग्राव्हिर भराभर मोडून टाकतं, म्हणून 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावी लागते. रिफॅम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे तसंच. टीबीची खिडकी वेगळी, एआरटीची वेगळी, आणि ही दुसरी गोळी नेमकी दोन खिडक्यांच्या मधे पडते. किती जणांना ती मिळतच नाही! आमच्या समुपदेशक बाईंनी भांडून तिला ती मिळवून दिली होती. दोन्ही बाटल्यांत हिशेबाने उरायला हव्यात तेवढ्याच गोळ्या होत्या. म्हणजे एकही चुकलेली नाही.

सहकारी म्हणाले, एआरटी थांबवू. रेसिडेंट म्हणाला, आयरिस स्पष्ट आहे, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करू. दोघांचंही मला पटलं नाही. प्रतिकारशक्ती परत आली की ती आधीपासून असलेल्या जंतूंवर तुटून पडते, गाठी फुगतात, ताप चढतो, हा आयरिस. पण औषधाला न जुमानणारा टीबीही हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यावर नुसतं स्टिरॉइड देणं म्हणजे जंतूंना रान मोकळं करून देणं. आधी पू हवा होता. तोंडात टाळूवर, अंगावर कापोसी सार्कोमा या कर्करोगाचे जांभळे डाग नाहीत ना, तेही पाहून घेतलं, कारण स्टिरॉइडने तो बळावतो.

गाठीतून पू काढणं हे दिसतं तितकं साधं काम नाही. गाठ जिथे लाल आणि पातळ झालेली असते तिथेच सुई घालायचा मोह होतो. तिथे घातली की भोक बुजत नाही, महिनोन्‌महिने वाहत राहतं. मी गाठीच्या वरच्या बाजूने, चांगल्या कातडीतून, दोन बोटं लांबून शिरते. जाड सुई कातडीखालून थोडी तिरपी पुढे नेते आणि मग गाठीत वळवते, म्हणजे सुई काढल्यावर वाट आपोआप मिटते. दाट पिवळा पू आला, त्यात पांढऱ्या कण्या. निम्मा जीन एक्स्पर्टला, म्हणजे जंतू आणि त्याचा रिफॅम्पिसिन-रोध ओळखणाऱ्या मशीनला, निम्मा जंतू वाढवून पाहायला कल्चरला, दोन्ही निर्जंतुक कोरड्या बाटलीत. फॉर्मॅलिन नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आलेल्या गाठी पाहिल्या की मला खरोखर संताप येतो, कारण त्यातला जंतू पुन्हा कधीच वाढवता येत नाही.

लॅबने नमुना परत पाठवला. कारण, फॉर्मवर नमुन्याच्या जागी ‘थुंकी’ लिहिलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने फुफ्फुसाबाहेरच्या नमुन्यांसाठी ही तपासणी 2013 मध्येच मान्य केली आहे. मी स्वतः बाटली घेऊन खाली गेले आणि ती मशीनमध्ये जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

पण त्या दिवसातला अवघड भाग हा नव्हता. भावाला टीबी माहीत होता, एचआयव्ही माहीत नव्हता. ते तिने ठरवलं होतं आणि तो तिचा अधिकार. घरात गोळ्या बंद करायचा आग्रह मात्र त्याचाच होता. एचआयव्हीचं नाव न घेता आयरिस समजवायचा कसा? तो तिच्याजवळून हलायला तयार नव्हता. प्रोसीजर रूममध्ये नातेवाइकांना प्रवेश नसतो, तेवढाच एकांत मिळाला. सिस्टर बोळा दाबून धरत होत्या तेव्हा मी तिला म्हणाले, ‘ताई, तुमची शक्ती परत येतेय. तिला आता जंतू दिसायला लागलेत, म्हणून ही सूज असावी. रिपोर्ट आला की पक्कं सांगते.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे मला बरं वाटत होतं तेव्हा माझं शरीर लढतच नव्हतं?’

इतक्या वर्षांत इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं. पूर्णपणे तसंही नव्हतं, कारण टीबीच्या औषधाने जंतू मरत होते, म्हणून तर ताप गेला होता. ते सांगितलं. पण मुद्दा तिला कळला होता, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

संध्याकाळी रिपोर्ट आला. टीबीचा जंतू आहे, रिफॅम्पिसिनला रोध नाही. एआरटी चालूच ठेवली, प्रेडनिसोलोन वजनाच्या हिशेबाने सुरू केलं. भावाला बाहेर सांगितलं की टीबीच्या उपचारात गाठी कधीकधी आधी वाढतात आणि मग बसतात. हे खोटं नाही, एचआयव्ही नसलेल्यांतही असं होतं. दोन दिवसांत ताप उतरला. स्टिरॉइड कमी करताना गाठ पुन्हा थोडी फुगली, पुन्हा पू काढावा लागला. कल्चरमध्ये काही वाढलं नाही.

प्रेडनिसोलोन आधीच, एआरटीबरोबरच द्यायला हवं होतं का, यावर रेसिडेंट माझ्याशी अजून वाद घालतो. केपटाउनच्या चाचणीत, 2018 मध्ये, तसं दिल्याने आयरिस 47 वरून 33 टक्क्यांच्या आसपास आला. पण त्या चाचणीत रिफॅम्पिसिन-रोध असलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि आमच्याकडे तेव्हा रोधाचा पत्ता नव्हता. तशीच परिस्थिती आली तर मी पुन्हा थांबेन.

मला सुटलेला नाही तो प्रश्न पेशंटजवळच्या कार्डावर काय लिहायचं याचा आहे. गाठी फुगू शकतात हे मी तिला एआरटी देताना सांगितलं होतं, म्हणूनच तिने गोळ्या सोडल्या नाहीत. पण दुसऱ्या डॉक्टरांसाठी तिच्या हातात लेखी काहीच नव्हतं. ‘एआरटी बंद करू नये’ असं ठळक लिहावं तर तेच कार्ड घरात भाऊ वाचणार. सध्या मी ‘कोणतंही औषध थांबवण्याआधी या नंबरवर फोन करावा’ एवढंच लिहून सही करते. ते वाचून समोरचा डॉक्टर फोन करेलच याची खात्री नाही. समुपदेशक बाई म्हणतात, डॉक्टरांसाठी बंद पाकीट द्या. तिला विचारलं, तर म्हणाली, बंद पाकीट तर तो आधी उघडेल.