दाराच्या चौकटीवरचा आकडा : ट्रेलर ओढायला घेतलेली जुनी सबर्बन

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे टेक्सासला येतात. बाबांना कोलोरॅडोचे डोंगर बघायचे होते, आणि आईच्या गुडघ्यांना मोटेलचे जिने झेपत नव्हते. "बाथरूम आणि शेगडी बरोबर असेल तर मी कुठंही येते," असं ती म्हणाली, आणि आम्ही पंचवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरवलं. सामान, पाणी भरल्यावर त्याचं वजन सहा हजार पौंडांच्या घरात जाणार होतं. तो ओढणारी गाडी हवी आणि तिच्यात आम्ही सहा जण, मुलांच्या सीटांसह, नीट मावायला हवेत. त्यामुळे पिकअपचा विचार सोडला आणि जुन्या मोठ्या एसयूव्ही बघायला लागलो.

सगळ्या जाहिरातींत एकच आकडा ठळक असतो : किती पौंड ओढते. २०१५ ते २०२० या पिढीची शेव्हरोलेची साधी सबर्बन, म्हणजे १५००, जड ट्रेलर ओढण्यासाठीच्या मॅक्स ट्रेलरिंग पॅकेजसह ८,३०० पौंडांपर्यंत ओढते. सहा हजारांच्या ट्रेलरला हे भरपूर वाटतं. पण ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं पिवळ्या पट्टीचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तिथं लिहिलेलं असतं. हाच पेलोड. मी पाहिलेल्या एका १५०० वर तो होता १,५८० पौंड.

आता हिशेब करा. आम्ही सहा जण मिळून ८२० पौंड. गाडीला ट्रेलर जोडणारी हिच ९० पौंड. डिकीतलं सामान २०० पौंड. आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचवर बसतो, ते टंग वेट, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. आमच्या बाबतीत सुमारे ७८०. बेरीज झाली १,८९०. म्हणजे ओढायची ताकद शिल्लक असूनही गाडी तीनशे पौंडांनी जास्त भरलेली! टंग वेट कमी करून भागत नाही. गावाकडे बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची आणि पुढं जास्त झालं की जू बैलांच्या मानेत रुतायचं. ट्रेलरचंही तसंच आहे. पुढचा भार कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

या एका बेरजेनं माझा शोध बदलला. सबर्बनची २५०० नावाची दणकट आवृत्ती सामान्य ग्राहकांना २०१३ च्या मॉडेलपर्यंत मिळत होती. सहा लिटरचं व्ही-८ इंजिन, चाकाला सहाऐवजी आठ नट, मागं स्प्रिंगऐवजी पाटे. त्या इंजिनात चालता चालता निम्मे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा नाही, आणि जुन्या गाडीत जितक्या गोष्टी कमी तितकं मला बरं वाटतं. मला २०१२ ची मिळाली, स्टिकरवर २,३०० पौंड. नव्या गाडीतला स्क्रीन-बिक्रीन काही नाही, पण आकडे माझ्या घराला पुरणारे.

विकत घेण्याआधी काय काय पाहिलं? कारखान्यानं गाडीत काय काय बसवलं ते सांगणारं, ग्लव्हबॉक्समधलं कोडचं स्टिकर आधी. त्यावर जीटी४ असेल तर मागच्या आसाचं गुणोत्तर ३.७३ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या), जे ओढण्यासाठी चांगलं. झेड८२ म्हणजे कारखान्यातून आलेला ट्रेलरचा संच. गाडीच्या व्हीआयएन या ओळख क्रमांकावरून एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं दिलेली बोलावणी, फुकट तपासता येतात. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे, बोल्ट तुटणं नवीन नाही, आणि ते तुटले असतील तर थंड इंजिन टिकटिक करतं, तापल्यावर आवाज मिटतो. इथं आवाज नव्हता. गाडी जन्मभर अमेरिकेच्या दक्षिणेत राहिलेली, त्यामुळे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा गंज खाली नव्हता. तरीही एका स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन ती लिफ्टवर चढवून घेतली. ते पैसे मला कधीही जास्त वाटणार नाहीत.

कागदपत्रं सोपी होती : विक्रेत्याच्या सहीचं टायटल (मालकीचा कागद), गाडी नावावर करायचा १३०-यू फॉर्म, काउंटीच्या टॅक्स ऑफिसात सव्वासहा टक्के कर.

मग बदल. लोक सर्वांत आधी मागं एअरबॅग, म्हणजे मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, टाकायला सांगतात. त्यांनी गाडीचं बूड वर येतं, पण पुढच्या चाकांवरून उचललेला भार परत पुढं जात नाही, आणि स्टिकरवरचा आकडा एका पौंडानंही वाढत नाही. भार परत पुढं न्यायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं. त्याचे पोलादी बार ताणले की भार पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या आसाकडे वाटला जातो. मी पैसे तिथं घातले. गिअरबॉक्सचं तेल, पुढचे-मागचे ब्रेक, मागचे शॉक आणि जास्त भार पेलणारे, ई लोड रेंजचे एलटी टायर हेही नवे केले.

टेक्सासमध्ये साडेचार हजार पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर. मी प्रपोर्शनल प्रकारचा घेतला. गाडी जितकी जोरात थांबते तितका तो ट्रेलरला ब्रेक लावतो. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस मैलांनी जात फक्त हातानं ट्रेलरचे ब्रेक लावायचे, आणि चाकं लॉक होण्याच्या जरा आधीपर्यंत जोर वाढवत न्यायचा.

मग पूर्ण भरलेली गाडी, आई-बाबांसकट, ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर नेली. ट्रेलरशिवाय पुढच्या आसावर ३,३०० पौंड. ट्रेलर जोडून, बार न लावता, २,९४०. म्हणजे वळवणारी चाकंच हलकी झालेली. बार लावल्यावर ३,१८०, मागं ४,८४०, ट्रेलरच्या आसांवर ५,३९०. सगळं मर्यादेत. चोवीस तासांच्या आत पुन्हा वजन केलं तर कमी पैसे घेतात, म्हणून हे तिन्ही काटे एकाच दिवशी उरकावेत. बाबांनी तिन्ही पावत्या घडी घालून पाकिटात ठेवल्या.

अमरिलो, डॅलहार्ट, क्लेटन करत न्यू मेक्सिकोतल्या रटोनला गेलो. टेक्सासच्या त्या सपाट पट्ट्यात आडवा वारा सुटतो आणि ट्रेलरची भिंत म्हणजे शिडाचं काम. तिथं मी ताशी साठच्या वर गेलो नाही. कोलोरॅडोच्या सीमेवरचा रटोन पास हा घाट ७,८३४ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन तिथं विरळ हवेमुळे सुमारे पाचवा हिस्सा ताकद गमावतं, म्हणून ट्रकांच्या लेनमधून सावकाश चढलो. उतरताना ओझं ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड, खालचा गिअर, ब्रेक फक्त अधूनमधून. पेट्रोल गॅलनला आठ-नऊ मैल गेलं, ते हिशेबात धरलेलंच होतं. आईनं वाटेत एका रेस्ट एरियात थांबवून पोहे केले.

पुढच्या उन्हाळ्याआधी ट्रेलरचे टायर बदलायचे आहेत. नक्षी अजून छान आहे, पण बाजूवरच्या चार आकडी कोडवरून ते किती जुने आहेत ते कळतं, आणि ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयानं जातात.