ऊनो म्हणजे नंबर एक नव्हे

गेल्या शनिवारी इथे फिनलंडमध्ये, ताम्पेरेत, आमच्या सोसायटीचं ताल्कोत होतं. ताल्कोत म्हणजे आपलं इर्जिकच, फक्त बैलांऐवजी दाताळी. बर्फ वितळून गेला की मे महिन्यात सगळ्या बिऱ्हाडांनी खाली उतरायचं, बर्चचा कुजका पाला ओढायचा, झाडांच्या बुंध्याशी साचलेली हिवाळ्यातली खडी झाडून काढायची आणि शेवटी शेगडीभोवती उभं राहून माक्कारा खायचे. माक्कारा म्हणजे सॉसेज. शाकाहारी माणसासाठीही एक वेगळं पाकीट असतं, त्यावर माझंच नाव असल्यासारखं.

नोटिशीवर वेळ दहाची होती. मी पावणेबाराला उतरलो. आदल्या रात्री रिलीज होतं, दीड वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. बायको आणि चिरंजीव दहालाच खाली गेले होते. मी पोचलो तेव्हा पाल्याच्या गोण्या भरून भिंतीला लावलेल्या आणि शेगडी छान पेटलेली. मी बशी उचलली, मोहरीची चटणी घेतली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दाताळ्यावर हात टेकवून म्हणाल्या, "नो नीन, ऊनो तुली." म्हणजे, चला, ऊनो आला.

सगळे हसले. फिनिश माणसं अशी एकदम हसत नाहीत, त्यामुळे मला फार बरं वाटलं. पत्त्यांच्या त्या खेळामुळे ऊनो म्हणजे एक, एवढं स्पॅनिश मला येतं. मी बशी उंचावून सगळ्यांना अभिवादन केलं आणि घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "बघ, आजी मला नंबर वन म्हणाल्या." चिरंजीव इथल्या शाळेत पाचवीत आहेत. ते सोफ्यावरून खाली घसरले आणि तिथेच लोळत हसत राहिले. मग त्यांनी रीतसर लॅपटॉप आणला आणि मला ऊनो तुऱ्हापुरो दाखवला.

तुऱ्हा म्हणजे फुकट, निरुपयोगी. पुरो म्हणजे ओढा. आपल्याकडे असता तर ऊनो रिकामओढे झाला असता.

१९७१ साली स्पेदे पासानेन या विनोदवीराच्या टीव्ही कार्यक्रमात हे पात्र छोट्या प्रहसनांमधून आलं. दिवाणखाना, सोफा, नवरा, बायको आणि त्यांची भांडणं. नवरा अंगानं धिप्पाड, दाढी वाढलेली, समोरचे दात गायब, तोंडाला काळं लागलेलं. कामाला जात नाही. बायको एलिसाबेत बड्या कारखानदाराची मुलगी, पैसे तिचे आणि फ्रीज याचा. सासरे तूरा यांना 'वुओरिनेउवोस' ही पदवी. शब्दशः अर्थ डोंगर-सल्लागार, पण हा मान इथले राष्ट्राध्यक्ष मोठ्या उद्योगपतींना देतात. आपल्या रावबहादुरासारखा समजा. जावयाचं तोंड दिसलं की रावबहादुरांच्या कपाळाची शीर तटतटते. १९७३ मध्ये पहिला सिनेमा आला आणि २००४ पर्यंत वीसेक झाले. समीक्षकांनी धू धू धुतलं, लोकांनी रांगा लावल्या. १९८४ चा लष्करातला ऊनो साडेसात लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. तेव्हा देशाची लोकसंख्या होती पन्नास लाखांच्या आतबाहेर. म्हणजे साधारण साडेसहा माणसांमागे एक तिकीट.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला फक्त बनियन दिसला.

ऊनो अंगात जाळीचा बनियन घालतो. फाटका, मळका, भोकाला भोक लागलेलं. आता जाळीचा बनियन म्हणजे काय हे मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार? बाबांचा होता. दुपारी बँकेतून आले की शर्ट खुंटीला आणि बाबा बनियनवर आरामखुर्चीत. मी येताना त्यातले दोन उचलून आणले, इथे बाहेर उणे वीस असलं तरी घरात हीटिंगमुळे उकडतं म्हणून. त्यातला एक त्या क्षणी माझ्या अंगात होता. पडद्यावर ऊनो फ्रीजचं दार उघडून हाताला लागेल ते तोंडात कोंबत होता, मचमच आवाज येत होता. बायकोनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागली.

या हसण्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण मूळ मुद्दा तोच आहे. बायको विनोदाला हसते तेव्हा आवाज करून हसते, मान मागे टाकून. हे तसं नव्हतं. हे हसणं आतून, दबकत, खांदे हलवत येत होतं आणि थांबलं असं वाटल्यावर पुन्हा सुरू होत होतं. भाजी परतताना सुरू झालं. रात्री दात घासताना सुरू झालं. ब्रश तोंडात असताना माणूस हसतो तेव्हा त्यात किती वर्षांची शिल्लक असते, हे नवऱ्यांनाच कळावं. दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर हेर्वान्ता या उपनगराकडून वारा सुटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती मधेच तोंड फिरवून हसली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही रे, मोहरीची चटणी आठवली."

मी ऊनो नाही. हे मला लिहून ठेवायला हवं. मी नोकरी करतो. रात्रीची भांडी मीच डिशवॉशरमध्ये लावतो, आणि ती नीट लावणं ही कला आहे. चिरंजीवांना आइस हॉकीला मी नेतो. सकाळी साडेसहाला बर्फाच्या मैदानाशेजारी कुडकुडत बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. बाबांनी जन्मात स्वतःच्या पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. त्या मापानं मी म्हणजे क्रांतीच. पण हे माप इथे कुणी मान्य करत नाही, ही अडचण आहे. माझ्या टीममधला एक जण गेल्या सप्टेंबरात उठला आणि पाच महिने मुलीला सांभाळायला घरी गेला. २०२२ च्या ऑगस्टपासून इथे आई आणि बाप दोघांना प्रत्येकी १६० दिवसांचा भत्ता मिळतो, त्यातले फार तर ६३ दुसऱ्याच्या नावे करता येतात. उरलेले घेतले नाहीत तर गेले. त्याला निरोपाचा केक नाही, टाळ्या नाहीत. मी म्हटलं, "ग्रेट!" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं दात घासल्याबद्दल कौतुक केलं.

मग मलाही चेव आला. रात्री बसून शोधलं आणि सापडलं. २०१४ साली युरोपीय संघानं प्रसिद्ध केलेली पाहणी. पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण फिनलंडमध्ये ४७ टक्के, संघातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एक. मी बायकोला दाखवलं. "बघ, समानतेच्या माहेरघरात ही कथा!" तिनं आकडा वाचला. जरा वेळानं म्हणाली, "हे वाचून तुला बरं वाटलं?" मी लॅपटॉप मिटला. बरं वाटलं होतं, हेच वाईट होतं.

आमच्या ताम्पेरेतच, हॅमेनपुइस्तो या लांबलचक झाडीच्या रस्त्यावर मिन्ना कान्तचा पुतळा आहे. मी रोज त्याच्यावरून जातो आणि आतापर्यंत मला त्या कुणी कवयित्री वाटत होत्या. बाई १८४४ मध्ये इथेच जन्मल्या, वडील फिनलेसनच्या कापडगिरणीत होते. पुढे विधवा झाल्या, सात मुलं पदरात, कुओपिओ गावात कापडाचं दुकान चालवलं आणि दुकान सांभाळून नाटकं लिहिली. १८८५ च्या त्यांच्या एका नाटकात लग्न झाल्याबरोबर नवरा बायकोची साठवलेली पुंजी उचलतो आणि दारूत घालवतो. बायको काही करू शकत नाही, कारण कायद्यानं तिचे पैसे सांभाळण्याचा हक्क नवऱ्याचा. तारीख पाहून मला ताराबाई शिंदे आठवल्या. त्यांचं स्त्री-पुरुष तुलना १८८२ चं. एक बुलढाण्यात, एक कुओपिओत, दोघी जणू एकाच आठवड्यात संतापल्या. नवऱ्याचं हे पालकत्व इथे १९२९ च्या विवाह कायद्यानं मोडीत काढलं, तो १९३० पासून लागू झाला. मिन्नाबाईंच्या जन्मदिवशी, १९ मार्चला, इथे झेंडा चढतो.

आता मला वाटायला लागलं आहे की ऊनोवर हसू येतं ते यामुळेच. मिन्नाबाईंच्या नाटकातला नवरा बायकोचे पैसे घेतो तेव्हा थिएटरात कुणी हसलं नसेल. त्याच्या पाठीशी कायदा उभा होता. ऊनोही बायकोच्याच पैशावर जगतो, पण त्याच्या पाठीशी फक्त फ्रीज आहे. अधिकार काढून घेतलेला मालक घरात तसाच वावरत राहिला की तो विदूषक दिसतो. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या प्रहसनांत अजून बायकोच जास्त बोलते, बायकोच जाड असते, बायकोच साडी मागते, आणि पुष्कळदा ती बायको म्हणजे साडी नेसलेला बाप्याच असतो. बिचारा नवरा प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतो. मी त्यावर खूप हसलो आहे. पुढेही हसेन, कारण आपल्या लोकांचं टायमिंग इथल्यांना सात जन्मांत जमायचं नाही. फिनिश विनोदात पात्र बोलण्याआधी इतका वेळ गप्प बसतं की मला वाटतं नेट गेलं.

इथेही सगळा काळ ऊनोचा राहिलेला नाही म्हणा. २०१४ मध्ये सरकारी वाहिनीवर चार बायकांनी मिळून 'सिस्कोनपेती' नावाची प्रहसनं केली. सिस्कोनपेती म्हणजे आपल्या लग्नघरातल्यासारखी जमिनीवर ओळीनं घातलेली अंथरुणं, ज्यावर सगळी पोरं दाटीवाटीनं झोपतात. शब्द ऐकल्याबरोबर मला आमच्या मिरजेच्या माडीचा वास आला. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी, माझं फिनिश अजून त्यांच्या वेगाला पोचत नाही. ऊनो मात्र कळतो. त्याला भाषा लागत नाही.

आणि एक कबुली. तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर मी एकट्यानं ऊनो पाहिला आणि मला तो आवडला. तो बोट ओलं करून भुवया सारख्या करतो आणि समोरच्या बायका विरघळतात. त्याला काहीही येतं, फक्त मनात आलं पाहिजे. करणारा नट वेसा-मत्ती लोइरी. याच माणसानं एइनो लेइनोच्या कविता अशा गायल्या आहेत की शब्द न कळता घसा दाटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तो गेला. एलिसाबेत झालेली मार्यात्ता राइता तर त्याच्याही आधी गेली. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वीसेक सिनेमे त्या सोफ्यासमोर उभं राहून संताप करायचा, आणि हशा सगळा सोफ्यावरच्याला.

रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर एक तुकडा दाखवला. आईला भाषेचं काही कळलं नाही. ती आधी खूप हसली. "अगदी तुझे बाबा रे," म्हणाली, "तेच बनियन." मग जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पण ही बाई बोलते तरी." एवढं म्हणून तिनं विषय बदलला, पाण्याची मोटर बिघडली आहे वगैरे.

काल संध्याकाळी मी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेलो. दाराशेजारी वेळा लिहायचा तक्ता असतो, दोरीला बांधलेली पेन्सिल. आमच्या घराचा नंबर जानेवारीपासून दर बुधवारी सात ते नऊ. सगळीकडे एकच अक्षर, बायकोचं, ते गोल काढलेलं सात. मी पुढच्या बुधवारसमोर माझ्या हातानं नंबर लिहिला आणि खाली नावही. लिहीत असताना मागे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी टोपली घेऊन येऊन थांबल्या. त्यांनी तक्ता वाचला. माझ्याकडे पाहिलं.

"नो नीन," म्हणाल्या. या दोन शब्दांचा अर्थ सुरावर ठरतो आणि हा सूर मला अजून शिकवलेला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं की बुधवारचं धुणं माझ्याकडे. ती म्हणाली, "जाळीचा बनियन वेगळा धू, बाकीच्यात गुंततो." मी विचारलं, "वेगळा म्हणजे कुठल्या बटणावर?"

तिचे खांदे हलायला लागले.