दाखल नोंदवहीपासून वार्षिक सभेपर्यंत: गावच्या वाचनालयातलं माझं वर्ष

बँकेतून निवृत्त झाले आणि गावच्या वाचनालयाच्या सभेत कार्यवाह म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याच्या ठिकाणापासून बरंच आत असलेलं, क वर्गाचं हे वाचनालय (शासन वाचनालयांना अ ते ड असे वर्ग देतं आणि अनुदान त्यावर ठरतं). ग्रंथपाल ताई आणि शिपाई काका, एवढेच दोन पगारी. कार्यकारी मंडळातले आम्ही सगळे बिनपगारी. एप्रिल 2023 ते मार्च 2024 हे आर्थिक वर्ष मी तिथे काढलं. नव्याने मंडळावर येणाऱ्यांना उपयोग होईल, आणि संध्याकाळी पुस्तक बदलून जाणाऱ्यांना आतलं काम कळेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कागदपत्रं, कारण ती टळत नाहीत. गावातलं वाचनालय ही एक नोंदणीकृत संस्था असते आणि सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्टसुद्धा. मंडळ बदललं की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मार्चअखेरचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून सहा महिन्यांत तिथे सादर करायचे. शासनमान्य वाचनालय असलं की जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे वार्षिक अहवाल वेगळा. हे सगळं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 आणि त्याखालच्या 1970 च्या नियमांनी बांधलेलं आहे. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), व्हाउचरं यांची मला नोकरीतून सवय होती, त्यामुळे हा भाग फार जड गेला नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी दर महिन्याच्या महिन्याला कीर्द पुरी करून घ्यावी. मार्चमध्ये वर्षभराच्या पावत्या जुळवत बसणं म्हणजे ग्रंथपालाचा छळ आहे.

आता पगाराचं. हेच मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

मध्यंतरी शासनाने ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली. त्यानंतर आमच्यासारख्या क वर्गातल्या गावच्या वाचनालयाला वर्षाला 1,53,600 रुपये मिळू लागले. यातला निम्मा भाग वेतनाचा आणि निम्मा वेतनेतर, म्हणजे बाकीच्या खर्चाचा. म्हणजे वेतनासाठी 76,800. बारा महिन्यांनी भागा, दोघांत मिळून महिन्याला 6,400 रुपये. 2023-24 चा, वाढीनंतरचा हा आकडा होता. त्यातही अनुदान दोन हप्त्यांत येतं, त्यामुळे मधल्या महिन्यांत पगार कशातून द्यायचा हा प्रश्न प्रत्येक कार्यवाहापुढे असतो. आमच्या ताईंनी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला आहे, वर्गीकरण त्यांना येतं, गावातल्या प्रत्येक वाचकाची आवड त्यांना पाठ आहे. सकाळी वाचनालय उघडून दुपारी त्या शिवणकाम करतात, कारण घर चालवायचं असतं. गावात लोक कौतुकाने म्हणतात, ‘ताई समाजसेवा करतात.’ मला हे ऐकवत नाही. सेवा म्हटलं की मोबदल्याचा विषय कुणाला काढावासा वाटत नाही.

ताई काय करतात हे मला मे महिन्यात ग्रंथ मोजदादीच्या वेळी नीट कळलं. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. दाखल नोंदवहीत तो क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, किंमत, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा, एवढं एका ओळीत बसवायचं. शिक्का शीर्षकपानावर मारतातच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात. ते पान प्रत्येक वाचनालयाचं वेगळं. पहिली पानं फाटलेलं पुस्तकसुद्धा आपलं आहे की नाही, ते त्यावरून ओळखता येतं. आम्ही एक कपाट घ्यायचो, काका क्रमांक वाचायचे, ताई नोंदवहीवर पेन्सिलने खूण करायच्या, मी देवघेवीत बाहेर असलेली पुस्तकं ताडून पाहायची. ज्यांच्यापुढे खूण आली नाही त्यांची यादी निघाली. त्या यादीवरून ताईंनी घरोघरी निरोप पाठवले, आणि बरीच पुस्तकं माळ्यावरून, शाळेच्या दप्तरांतून, एक तर मुंबईला गेलेल्या सुनेच्या बॅगेतून परत आली.

जी पुस्तकं खरोखर जीर्ण झाली होती ती बाद करायची होती. बाद करणं म्हणजे रद्दीत टाकणं नव्हे. यादी मंडळाच्या सभेत ठेवायची, ठराव करायचा, इतिवृत्तात नोंद घ्यायची आणि मग नोंदवहीच्या शेऱ्यात ‘बाद’ लिहून ठरावाची तारीख टाकायची. मंडळातल्या काही जणांना एकही पुस्तक काढायला नको होतं. पुस्तकांचा आकडा कमी झाला तर वर्ग जाईल ही भीती त्यामागे होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या बघितली जाते. पण कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, जाळी केलेलं पुस्तक शेजारच्या चार पुस्तकांनाही खातं. शेवटी ठराव झाला.

कोकणात वाचनालय चालवायचं तर पावसाळ्याचे चार महिने वेगळे धरावे लागतात. जूनच्या आधीच कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. ओल भिंतीतून येते आणि वाळवीही भिंतीतूनच येते. पुस्तकांना घातलेली प्लॅस्टिकची वेष्टनं आम्ही सरसकट काढली, कारण आत दमटपणा अडकून बुरशी धरते. बुरशी आलेली पुस्तकं उघडीप मिळाली की सावलीत उभी उघडी ठेवून कोरड्या फडक्याने पुसायची, कडक उन्हात नाही, उन्हाने कागद पिवळा पडून कडकडीत होतो. डांबर गोळ्यांचा कसरीवर उपयोग होतो, बुरशीवर होत नाही. पुस्तकांचं बायंडिंग आमचे शिपाई काका गावातच करतात. खळीत थोडं मोरचूद घालायला ते विसरत नाहीत, म्हणून त्यांनी बांधलेल्या पुस्तकांच्या पाठी किडीने खाल्लेल्या मी पाहिल्या नाहीत.

त्याच पावसात अभ्यासिका मात्र भरून वाहिली. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात. आमच्या गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांतली मुलं-मुली सकाळी सातला दारात उभी असायची. घरी पाहुणे, टीव्ही, लहान भावंडं. बसायला जागा नाही. आम्ही बालविभागाची टेबलं त्यांना दिली आणि लहान मुलांना शनिवार-रविवार ठेवला. ही पोरं कथा-कादंबरी नेत नाहीत, मग ती वाचक कशी, असा सूर सभेत निघाला होता. मला तो पटत नाही. गावात शांत खोली मिळण्याची ती एकच जागा आहे, आणि ती सार्वजनिक पैशावर चालते.

गणपतीला मुंबईकर आले आणि खोके आले. देणगीची पुस्तकं मन लावून स्वीकारावीत, पण निवडून. जुनी क्रमिक पुस्तकं, कालबाह्य मार्गदर्शकं आम्ही आदराने परत केली आणि त्याऐवजी एका कुटुंबाला बालवाङ्मयाची यादी दिली. त्यांनी ती पुस्तकं नवी घेऊन पाठवली. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतली पुस्तकंही वाचनालयांना मिळतात. तीही आपल्या वाचकांना चालतील अशी मागावीत. गठ्ठा मोठा आहे म्हणून घेऊ नये.

दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी ठेवली, तीन महिने अंक फिरते राहिले. बायकांचं येणं वाढलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. ताईंनीच सुचवलं की संध्याकाळच्या वेळेतला एक तास दुपारी तीनला आणू. संध्याकाळी बाई स्वयंपाकघरातून सुटत नाही, तीनला सुटते. बचत गटाची बैठक वाचनालयात घ्यायला सुरुवात झाली आणि येताना-जाताना पुस्तक बदललं जाऊ लागलं. डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत वाचकाचा वेळ वाचवा असं आहे. आमच्याकडे त्यासाठी आधी वाचकाची वेळ पाहावी लागली.

वाचनालयाची शासकीय तपासणी डिसेंबरात झाली. निरीक्षकांनी नोंदवहीतले काही क्रमांक सांगून पुस्तकं मागितली, मग कपाटातली पुस्तकं उचलून त्यांच्या नोंदी मागितल्या. ताई कुठेही अडखळल्या नाहीत. मोजदाद केलेली नसती तर तो दिवस फार लांबला असता.

मार्चअखेर आमचा जमाखर्च जुळला. वार्षिक सभेत मी वेतनाचे आकडे फळ्यावर लिहिले, वर लिहिलेलीच भागाकाराची रीत. बराच वेळ चर्चा झाली. आमच्या जिल्ह्यात 1828 पासून नगर वाचनालयाची परंपरा आहे याचा अभिमान सगळ्यांनी बोलून दाखवला, तेव्हा मी म्हटलं की अभिमानाचा काही भाग वर्गणीत दिसू द्या. वर्गणी वाढली, लग्नकार्यात वाचनालयाला देणगी देण्याचं काही घरांनी कबूल केलं, आणि त्यातून दोघांच्या पगारात संस्थेने दर महिन्याला भर घालायची, तीही दहा तारखेच्या आत, असा ठराव झाला. अनुदानाचा हप्ता आला नसला तरी भर थांबवायची नाही, हे वाक्य ठरावात मी आग्रहाने घालून घेतलं. एप्रिलची रक्कम दिली गेली आहे. मेमध्ये मोजदाद पुन्हा आहे, या खेपेला नव्या मंडळातले दोघं जण ताईंबरोबर बसतील.