डाय बनवता ना, मग बुलेटची का नाही?

भोसरीत माझी टूलरूम आहे, म्हणजे डाय (धातूला आकार देणारे पोलादी साचे) बनवायचं वर्कशॉप, हे कळलं की हल्ली एक प्रश्न ठरलेला. अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये बसून पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे साधारण अर्धा इंच जाडीच्या, बुलेट दाबून काढतात, व्हिडिओत पाहिलं, तुम्हाला नाही का जमणार? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बुलेट म्हणजे अख्खं काडतूस नव्हे, फक्त पुढचं उडणारं टोक. आत शिसं, वर तांब्याचं जॅकेट. स्वेजिंगमध्ये ते थंडच, डायमध्ये पंचाने, म्हणजे आत घुसणाऱ्या पोलादी दांड्याने, दाबून घडवतात. नवख्याला वाटतं, जाड तुकडा घ्यायचा आणि दाबून बारीक करायचा. नेमकं उलट आहे. माल डायपेक्षा किंचित बारीक हवा आणि दाबाने फुगून भिंतीला टेकायला हवा. दाब सुटला की तांबं थोडं मागे येतं. शिसं पडलं मऊ, ते जिथल्या तिथे राहतं. त्यामुळे फुगवलेलं जॅकेट मागे येताना शिशाला आवळून धरतं. तेच बाहेरून दाबून बारीक केलंत, तर जॅकेट बाहेर सुटतं आणि आतलं शिसं सैल पडतं. पत्रा वाकवताना या स्प्रिंगबॅकला आम्ही रोज शिव्या घालतो, इथे त्यालाच कामाला जुंपलंय! ज्याला हे सुचलं त्याला आपला नमस्कार.

छंद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या शिकाऱ्यांना बुलेट मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने डाय करायला घेतल्या. वापरून फेकलेल्या .२२ कॅलिबरच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांची जॅकेटं व्हायची. रॉकचक नावाचा बिळात राहणारा प्राणी टिपायला त्या बुलेट, म्हणून ‘रॉक चक बुलेट स्वेज’. काडतुसं भरायची अवजारं बनवणाऱ्या आरसीबीएस कंपनीचं नाव त्यावरूनच पडलं.

पन्नास कॅलिबरची गोष्ट वेगळी. हे १२.७ मिलिमीटरचं काडतूस मुळात ब्राउनिंगच्या मशीनगनसाठीचं. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पाच गोळ्या जवळजवळ बसवायच्या तर लष्करी बुलेट पुरत नाही. म्हणून हौशी लोक स्वतःची घडवतात. जॅकेटला तांब्याची नळी घेतात, प्रेस हायड्रॉलिक लागतो. पैसे वाचवायला कोणी हे करत असेल असं मला वाटत नाही. असल्या डायच्या लॅपिंगला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायला, किती वेळ जातो ते मला विचारा.

आता मुद्द्याचं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बुलेट राहिली बाजूला, माझ्या टेबलावरची डायच दारूगोळा ठरते, आणि परवान्याशिवाय ती बनवणं हा गुन्हा. पुण्यात हे काम करायला १८६९ पासून खडकीचा कारखाना आहे, तो समर्थ आहे.

त्यामुळे ड्रॉइंग घेऊन आलेल्याला मी चहा पाजतो आणि ड्रॉइंग परत देतो. परवा एकजण म्हणाला, “साहेब, डाय राहू द्या, नुसता पंच तरी करून द्या.” अहो, पंच काय यंत्रसामग्रीच्या बाहेर आहे?